मुंबई ते गोवा किनाऱ्याने सायकलवर जाताय? किलोमीटर नंतर मोजा, आधी जंगल जेट्या बघा

कोकणातून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकल मारायची म्हटलं की सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. रोज किती किमी करायचे, हायब्रिड चालेल की रोडबाईक, सपोर्ट गाडी घ्यायची का, एनर्जी जेल किती न्यायचे. शेवटची जेटी किती वाजता सुटते हे मात्र एकजण विचारत नाही. आणि माझं तर स्पष्ट मत आहे की या ट्रिपचा अख्खा प्लॅन त्या एका प्रश्नावर उभा असतो. म्हणून हा रिव्ह्यू सायकलचा नाही, हॉटेलांचा नाही, जंगल जेट्यांचा आहे. म्हणजे त्या सपाट उघड्या फेरीबोटी, ज्या खाडीच्या या काठावरून त्या काठाला गाड्या, माणसं, माशांच्या टोपल्या, सिलिंडरचा टेम्पो आणि आपल्याला सायकलसकट नेतात.

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल.

आता नकाशा उघडा. किनारा सरळ खाली गेल्यासारखा वाटतो ना, पण रत्नागिरीपर्यंतच राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी अशा चार मोठ्या खाड्या आडव्या येतात आणि तिथे किनाऱ्याचा रस्ता सरळ पाण्यात संपतो. रेवस ते रेडी सागरी महामार्ग ही बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची कल्पना, रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला पण या खाड्यांवरचे पूल राहून गेले. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे एवढं जवळ दिसतं की हाक मारली तर ओ येईल, पण रस्त्याने जायचं झालं तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभराच्या वर किमी. जंगल जेटी तेच दहा-पंधरा मिनिटांत करते. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली, त्याआधी माणसं लाँचने जायची आणि गाडीवाले गपचूप चिपळूणचा वळसा घालायचे. आज जे आपण स्ट्रावावर (राइड नोंदवायच्या ॲपवर) किनाऱ्याची सुंदर रेघ काढून मिरवतो ना, ती रेघ या फेऱ्यांमुळे आहे, आपल्या मांड्यांमुळे नाही.

सुरुवात मुंबईतून असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो घ्या. ही जंगल जेटी नाही, चांगलं मोठं जहाज आहे, २०२० च्या मार्चमध्ये सुरू झालं, पोटात गाड्या आणि वर बसायला हॉल, तासाभरात मांडवा. सायकल नेता येते, पण शनिवारी सकाळच्या फेऱ्या अलिबागच्या फार्महाऊसवाल्यांनी भरलेल्या असतात तेव्हा तिकीट आधीच काढून ठेवा. गेटवेवरून सुटणाऱ्या लाँच सायकलसाठी गृहीत धरू नका. रो-रोने काय वाचतं सांगू, पनवेल-पेण-वडखळ वाचतं. ट्रक, धूळ, हॉर्न, आणि जिथे तिथे चालू असलेलं रस्त्याचं काम. त्या एका गोष्टीसाठी मी हिला वेगळे पाच स्टार द्यायला तयार आहे.

मांडव्यापासून मुरुडपर्यंत साधारण सत्तर किमी आणि हा भाग फसवा आहे. अलिबाग, नागाव, चौल, सगळं नारळी-पोफळीच्या सावलीतून, मग रेवदंड्याचा पूल, मग कोर्लई जिथे अजूनही पोर्तुगीजमिश्रित स्वतःची वेगळी बोली बोलणारी ख्रिश्चन वस्ती आहे, मग काशीदचा छोटासा चढ. शनिवार-रविवार काशीदला थांबू नका, घोडे, बग्ग्या, पॅरासेलिंगवाले, आणि रस्त्यावर आडव्या लावलेल्या गाड्या. पण एकंदरीत सोपं. ग्रुपमध्ये कोणीतरी हमखास म्हणतंच, अरे कोकण तर फ्लॅट आहे रे, उगाच घाबरवतात लोक. त्याला बोलू द्या. दिघी ओलांडली की तो गप्प होतो.

आगरदांडा-दिघी. मुरुडपासून सात-आठ किमीवर धक्का, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग बघून धडकी भरते पण सायकलवाल्यांना रांग नसते, सरळ पुढे जायचं, खलाशी हाताने दाखवतात कुठे उभं राहायचं ते. तिकीट किरकोळ, पण सुट्टे पैसे ठेवा कारण यूपीआय आहे म्हणून निवांत राहिलात आणि रेंज गेली की पंचाईत. बोट फिरली की जंजिरा लांबून दिसतो. बसायला कडेला बाक असतात पण सायकल सोडून जाऊ नका, धरून उभं राहा, कारण गाड्या चढताना-उतरताना ड्रायव्हरचं लक्ष रॅम्पवर असतं, तुमच्या मागच्या चाकावर नसतं.

इथे प्लॅनिंगची पहिली गोष्ट. दिघी हे बंदर आहे, मुक्कामाचं गाव नाही. मुक्काम दिवेआगरला, पंधरा-सतरा किमी पुढे, आणि मधे चढ आहे. म्हणजे तुम्ही आगरदांड्याला सहाला पोचलात तर तो चढ अंधारात, ट्रकांबरोबर. आमचा नियम असा झालाय की खाडी दिवसाच्या शेवटी ओलांडायची पण चार वाजता जेटीवर हजर. चार म्हणजे चार. चारला पोचलं की एखादी फेरी चुकली, बोट दुरुस्तीला असली, गाड्या भरेपर्यंत थांबली, तरी पलीकडे उजेड शिल्लक राहतो. काही जण उलट सांगतात, अलीकडे मुक्काम करा आणि सकाळी पहिल्या बोटीने जा. मला नाही पटत ते. पहिली बोट पकडायला लवकर उठायचं, धक्क्यावर डास चावून घेत बसायचं, आणि पायात अजून जीव यायचाय तोवर पलीकडचा चढ सुरू, कारण जेटी म्हणजे समुद्रसपाटी, तिथून रस्ता वरच जाणार, दुसरीकडे जायला जागाच नाही.

हा चढांचा हिशोब नीट समजून घ्या कारण सगळे प्लॅन इथेच कोसळतात. दक्षिणेला जाल तसा वर जांभ्या दगडाचा सपाट सडा आणि खाली खाडी किंवा पुळण. रस्ता सड्यावरून गावात उतरतो, साकव ओलांडतो, परत सड्यावर चढतो. एक चढ शंभर-सव्वाशे मीटरचा, कुणी म्हणेल यात काय, लोणावळ्याचा घाट चढतो आपण. घाट एकदाच असतो हो. इथे सकाळपासून पाच, सहा, सात वेळा तेच, आणि एकाही उताराचा वेग पुढच्या चढाला कामाला येत नाही कारण उताराच्या तळाशी नेमकं वळण, वाडी, कोंबड्या आणि स्पीडब्रेकर. साठ किमीच्या दिवशी हजार मीटर चढाई सहज होते. म्हणून पुण्याहून महाबळेश्वर करणारे लोक पण इथे पाच वाजता कठड्यावर बसून नारळपाणी पित म्हणतात, अजून किती? तेव्हा श्रीवर्धनच्या खाली रोजचा प्लॅन पंचावन्न-साठ किमीच्या वर नेऊ नका, तुम्ही शंभरवाले असलात तरी.

दिवेआगर ते श्रीवर्धन आरावीवरून जा, आतल्या रस्त्याने नको. समुद्र इतका शेजारी की भरतीला तुषार अंगावर येतात. पूर्ण रूटमधला माझा सगळ्यात आवडता पट्टा, आणि गंमत म्हणजे सोपा पण. पुढे हरिहरेश्वर, मग पाच-सहा किमीवर बागमांडल्याची जेटी, पलीकडे वेसवी.

बागमांडला-वेसवी ही चौघींतली सगळ्यात निवांत. पलीकडे बाणकोटचा किल्ला, इंग्रजांनी ज्याला फोर्ट व्हिक्टोरिया केलं तो, आणि थोडं पुढे वेळास. फेब्रुवारी ते एप्रिल वेळासला ऑलिव्ह रिडली कासवांची पिल्लं बाहेर पडतात तेव्हा गावातल्या घरगुती खोल्या फुल असतात, आधी बुकिंग नसेल तर व्हरांडा पण मिळणार नाही. ही बोट चुकली तर वळसा म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड, म्हणजे एक दिवस गेलाच समजा. त्यामुळे हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर फोटो काढत किती वेळ घालवायचा ते ठरवून घ्या.

जेटीच्या वेळांबद्दल आता. मी इथे वेळा देणार नाहीये कारण त्या बदलतात, सीझनप्रमाणे, दुरुस्तीप्रमाणे, समुद्राप्रमाणे. व्हॉट्सॲपवर जो वेळापत्रकाचा फोटो फिरतो तो किती जुना आहे देवाला माहीत. आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारा, त्यांच्याकडे जेटीवरच्या कोणाचा तरी नंबर असतो, नाहीतर रिक्षावाल्याला विचारा. दुपारी मधे एखादी मोठी गॅप असते, ती पण विचारून घ्या. कडक उन्हात धक्क्यावर तासभर बसण्यापेक्षा आधीच्या गावात जेवून निघणं केव्हाही चांगलं. हाच माझा पहिला कापलेला पाव स्टार, वेळा एका ठिकाणी खात्रीने मिळत नाहीत. दुसरा पाव स्टार सोयींसाठी. सावली नाही आणि स्वच्छ टॉयलेट शोधावं लागतं, बायकांना हे जास्त जाणवतं. आम्ही सरळ एसटी स्टँड नाहीतर पेट्रोल पंप गाठतो, जेटीच्या भरवशावर राहत नाही.

ओहोटीच्या वेळी रॅम्पचा खालचा भाग उघडा पडतो, त्याच्यावर शेवाळ असतं, बुळबुळीत. क्लीटचे (पेडलला अडकणारे) शूज घालून त्याच्यावरून सायकल ढकलत उतरणं म्हणजे दात पाडून घ्यायचे धंदे. साध्या सँडल घाला. कोळणी डोक्यावर टोपली घेऊन अनवाणी तुरुतुरु चालत जातात आणि आपण कार्बन फ्रेम धरून पेंग्विन होतो, बघण्यासारखं असतं ते.

वेसवी ते दाभोळ हा माझ्या मते पूर्ण ट्रिपमधला कठीण भाग. केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरुड (हे दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नाही, गूगलला दोन्हीत गोंधळ घालू देऊ नका), कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. हा भाग एका दिवसात काढणारे आहेत, काढू देत त्यांना. दोन करा. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी चढून बसा, हर्णेला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघा, समोर सुवर्णदुर्ग.

घरगुती मुक्कामांचं एक शास्त्र आहे. जेवण आधी सांगावं लागतं. रात्री आठला पोचून काय आहे जेवायला म्हणालात तर काही नाही. दुपारी बारापर्यंत फोन करून सांगा, शाकाहारी किती, मासे किती, म्हणजे मग रात्री मऊ भात, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी, उकडीचे मोदक सांगितले असतील तर ते, आणि वर आग्रह. सकाळच्या चहाचं उलट. कोळथऱ्याच्या बाजूला आम्ही काकूंना विचारलं, काकू, सहाला चहा-नाश्ता मिळेल का, तर म्हणाल्या, सहाला? अहो कोंबडा तरी उठू दे. आठच्या आधी घावणे मिळणार नाहीत हे धरून चाला, आणि उन्हाच्या आधी निघायचं असेल तर रात्रीच केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणून ठेवा. जेल-बिल लागत नाही हो. पण मीठ लागतं, घाम भयंकर जातो, कोकम सरबतात मीठ जास्त घालून मागा. सायकल खोलीत किंवा पडवीत ठेवू देतील का हे बुकिंगच्या वेळीच विचारा. एका रिसॉर्टने आम्हाला सायकली आत आणायच्या नाहीत म्हणून झाडाखाली लावायला लावल्या, रात्रभर दवात भिजल्या, सकाळी चेन लाल. घरगुती ठिकाणी असं कधी झालं नाही, उलट आजोबा येऊन विचारतात केवढ्याला घेतलीत, आणि खरी किंमत सांगितली की गप्प होतात.

दाभोळ. ही माझी लाडकी जेटी. उतार तीव्र आहे, ब्रेक पॅड नवे असू द्या, आणि धक्क्याजवळच जुनी आदिलशाही काळातली मशीद आहे, ती बघितल्याशिवाय बोट पकडू नका, पाच मिनिटं लागतात. फेऱ्या बऱ्यापैकी असतात, गर्दी खरी लोकांची असते, कॉलेजची मुलं, बँकेतले, लग्नाला निघालेलं वऱ्हाड. एक मावशी सायकलकडे बघून म्हणाल्या, काय गो बाय, गाडी नाय मिळाली? मी म्हटलं हौस. त्यांनी माझ्याकडे, मग सायकलवरच्या पिशव्यांकडे बघितलं आणि पर्समधून एक आवळा काढून दिला. पलीकडे उतरलं की गुहागर पंधरा-एक किमी, वाटेत एन्रॉनचा तो वीज प्रकल्प. नाव सगळीकडे दाभोळ प्रकल्प म्हणून गाजलं पण आहे खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात. गुहागरला मुक्काम करा, गाव लांबच लांब सरळ, सुरूची झाडं, आणि पोहे चांगले मिळतात.

गुहागर ते तवसाळ पस्तीस-चाळीस किमी, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत. आकडा बघून हसू नका, वर लिहिलंय ते आठवा. हेदवीचा दशभुज गणेश चढावर, बामणघळ समुद्रात, दोन्ही बघायची तर सकाळी लवकर निघा. तवसाळ-जयगड जेटी चुकली तरी इथे मरण नाही, राई-भातगावच्या पुलावरून शास्त्री ओलांडता येते, लांब पडतं पण निदान वाट आहे. जयगडला उतरून मालगुंड, केशवसुतांचं गाव, मग गणपतीपुळे. दुसऱ्या दिवशी आरे-वारेवरून रत्नागिरी. आरे-वारेचा वरून दिसणारा व्ह्यू तुम्ही रीलमध्ये शंभरदा बघितलाय, तरी थांबालच.

रत्नागिरी हा मधला मोठा टप्पा. इथे एक दिवस विश्रांती, कपडे धुणं, सायकल दाखवणं. कारण अलिबाग सोडल्यापासून वाटेतल्या सायकलच्या दुकानात तुमच्या मापाची ट्यूब मिळणार नाही. तिथे शाळेच्या मुलांच्या सायकलींचं सामान असतं, पातळ व्हॉल्व्हची ७०० ची ट्यूब बघून दुकानदार ती हातात फिरवून परत देतो. माणशी दोन ट्यूब, पॅच, चेनचं एक जोडलिंक, डिस्क ब्रेकचे जास्तीचे पॅड आणि टायर शक्यतो पस्तीस मिमी रुंदीचा. अठ्ठावीसवर गेलेली मंडळी आहेत, त्यांच्या पाठीला विचारा. मागे चढासाठी हलका गिअर हवाच, म्हणजे सगळ्यात मोठं चक्र चौतीस दातांचं तरी. आणि वजन. चार कपड्यांच्या वर एक जरी घेतला तरी तो प्रत्येक सड्यावर तुमच्याशी भांडतो.

गूगल मॅपबद्दल एकच सूचना, चालण्याच्या मोडवर टाकू नका. तो तुम्हाला पाखाडीवर नेतो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या, माडाच्या बागांमधून खाली उतरणाऱ्या, दिसायला स्वर्ग, पण पॅनिअर (कॅरिअरच्या पिशव्या) लावलेली सायकल खांद्यावर घेऊन उतरायची म्हणजे नवस फेडल्यासारखं. गाडीच्या मोडवर ठेवा आणि रूट जेटी ते जेटी असा तुकड्यातुकड्यांत टाका, नाहीतर कधीकधी तो खाडी बघून घाबरतो आणि तुम्हाला मुंबई-गोवा हायवेला पाठवतो.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा वायव्येकडून येतो, तो पाठीला मिळतो. गोव्याहून वर येणारे भेटतात मधे मधे, त्यांचे चेहरे बघा म्हणजे कळेल. सीझन नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. ऑक्टोबर नको, भट्टी असते. नाताळ ते एक जानेवारी अजिबात नको, खोल्यांचे भाव डबल आणि रस्त्यावर थारच थार. पावसाळ्यात हिरवंगार असतं हे खरं, पण वारा-पाऊस जास्त झाला की फेऱ्या थांबवतात, आणि थांबवायलाच पाहिजेत. त्यामुळे पावसाळ्यात या रूटवर परतीचं तिकीट आधी काढून जाऊ नका.

रत्नागिरीच्या खाली प्लॅनिंगचा प्रकारच बदलतो, कारण पूल आहेत. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, देवगडजवळ तारामुंबरी, सगळीकडे पुलावरून. पावस, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, नाटे, जैतापूर, मग विजयदुर्गला आत वळायचं की नाही ते पायांना विचारून ठरवा. देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. चढ आहेतच पण घड्याळ बघायची गरज राहत नाही, आणि खरं सांगू, मला चुकल्यासारखं होतं. वरच्या भागात दिवसाला एक आकार असतो, चारची बोट, त्याच्या आधी जेवण, त्याच्या आधी दोन चढ. खाली नुसता रस्ता. भाषाही बदलते, काय गो बाय जाऊन खयसून इलास सुरू होतं, आणि ताटात घावणे-नारळाचा रस जाऊन कोंबडी-वडे येतात.

मालवण ते वेंगुर्ले जाताना कर्ली खाडीसाठी दोन पर्याय. एक, आत जाऊन नेरूरपारच्या पुलावरून परुळे. दोन, तारकर्लीवरून देवबागच्या टोकाला जायचं आणि तिथल्या होडीवाल्याशी बोलून सायकली होडीत घालून भोगव्याला उतरायचं. ही ठरलेली फेरी सेवा नाही, पर्यटकांच्या होड्या आहेत, तेव्हा भाव आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि सायकल आडवी टाकताना डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर टाकणारा भाग) वरच्या बाजूला. भोगव्याला उतरल्यावरचा चढ खडा आहे, सांगून ठेवते.

पुलांवरून एक जरा वेगळं बोलते. रेवस-रेडी रस्त्यावरच्या या खाड्यांवर एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) पूल बांधणार आहे, बरीच वर्षं ऐकतोय, आता कामं खरंच हलायला लागली आहेत. आमच्या ग्रुपमधली निम्मी मंडळी हळहळतात, मजा जाणार, रोमान्स जाणार. मला हे ऐकून राग येतो थोडा. आपण वर्षातून एकदा येणार, बोटीवर सेल्फी काढणार. तिथल्या बाईला रात्री अकराला कळा सुरू झाल्या तर जेटी बंद असते आणि हॉस्पिटल पलीकडे असतं. पूल व्हायलाच पाहिजे. तोपर्यंत ही सेवा आहे, आणि ज्यांनी ती चालवली त्यांनी सरकारला जमलं नाही ते वीस वर्षं केलंय, याचं श्रेय द्यायला पाहिजे. पूल झाल्यावर सायकलसाठी कडेला तीन फूट जागा ठेवली तर आमची काही तक्रार नाही. ठेवणार नाहीत, ते सोडा.

शेवटचा टप्पा वेंगुर्ले, आरवली, शिरोडा, रेडी. आरवलीला वेतोबाच्या देवळात थांबाच, देवाला वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला बघायला, रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात म्हणून लोक नव्या वाहतात. तुमचे झिजलेले ब्रेक पॅड घेऊन उभं राहिलं की एकदम जवळचा वाटतो देव. शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला होता, मिठागरं आहेत. रेडीच्या पुढे तेरेखोल, आणि तिथून गोवा सरकारची फेरी केरीला. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात आहे, त्यामुळे बोटीत चढायच्या आधीच तुम्ही राज्य ओलांडलेलं असतं, फोटो कुठे काढायचा यावर भांडण ठरलेलं. ही फेरी छोटी, साधी, वेळेची जरा मनमानी, पण केरीच्या सुरूच्या झाडांखाली उतरल्यावर कोणी तक्रार करत नाही.

परतीचं बघा आता, कारण हे लोक सगळ्यात शेवटी ठरवतात. कोकण रेल्वेने यायचं तर थिवी किंवा सावंतवाडी रोड जवळ, पण सायकल डब्यात नेता येत नाही, पार्सल ऑफिसमध्ये लगेज म्हणून बुक करावी लागते, आणि गाडी लहान स्टेशनवर दोनच मिनिटं थांबते तेव्हा चढवतील की नाही याची खात्री नसते. म्हणून मडगावहून करा, तिथे थांबा मोठा असतो. दोन तास आधी जा, हँडल आणि डिरेलरला बारदान किंवा जुनी चादर गुंडाळा, नाव-नंबर दोन ठिकाणी बांधा. दुसरा मार्ग खासगी स्लीपर बसची डिकी. बुकिंग करताना कंपनी हो म्हणते आणि रात्री ड्रायव्हर नाही म्हणतो, आमच्या बाबतीत झालंय, शेवटी सायकलमागे जास्तीचे पैसे मोजून घुसवल्या. तेव्हा भाव फोनवर नाही, डिकी उघडून समोर ठरवा, दोन्ही चाकं काढा, पेडल आत वळवा, आणि सायकल सगळ्यात वर ठेवायला सांगा, आंब्याच्या पेट्यांच्या खाली नको.